सशाच्या पिल्लाचे बिघडलेले पोट : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

पिल्लू आज घरी आले. मादी आहे, नाव चिंगी, वय सुमारे ९ आठवडे आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन ८१२ ग्रॅम. आईचे दूध नेमके केव्हा तुटले हे आधीच्या पालकांना सांगता आले नाही. पूर्वीच्या जागी तिला दाणे, मका आणि रंगीत तुकडे मिसळलेले तयार खाद्य, गाजर आणि नावापुरते गवत मिळत होते. सोबत त्या खाद्याची लहानशी पुडी आली असून ती फार तर दोन दिवस पुरेल. घरात आधीपासून एक प्रौढ ससा आहे. दोघांच्या जागा वेगळ्या असल्या तरी जमीन एकच आहे.

ज्यांना असेच पिल्लू आणायचे आहे त्यांच्यासाठी येथेच लिहून ठेवतो : पहिल्या दिवशी वजन घ्यावे आणि लेंड्यांचा फोटो काढावा. पुढे डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे या दोन गोष्टींतून मिळाली.

६ फेब्रुवारी

जुनी पुडी काल संपली आणि आम्ही प्रौढ सशाचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या गोळ्यांचे खाद्य, द्यायला सुरुवात केली. आज सकाळी ट्रेमध्ये कडक गोल लेंड्यांच्या जोडीला मऊ, चिकट, उग्र वासाचा ऐवज दिसला आणि शेपटीखालचे केस चिकटलेले आढळले. वजन ८०६ ग्रॅम. पिल्लू धावते आहे, कान उभे आहेत, गाजराचा तुकडा हातातून ओढून घेते आहे.

सशाच्या बाबतीत “मऊ लेंडी” हे शब्द दोन अगदी निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरले जातात आणि उपचाराची दिशा त्यावरच ठरते, म्हणून ट्रेमधले सारे पांढऱ्या कागदावर काढून चिमट्याने वेगळे केले. कोरड्या, गोल, चुरडल्यास गवताच्या भुशासारख्या होणाऱ्या त्या नेहमीच्या लेंड्या. द्राक्षांच्या लहान घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, चकचकीत, गडद आणि वासाच्या त्या सीकोट्रोप. लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी असलेल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे सीकममध्ये, अन्न आंबून त्या तयार होतात आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड लावून खातो, कारण त्यांतील प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे त्याला दुसऱ्या फेरीतच मिळतात. त्या ट्रेमध्ये पडून राहिल्या तर बहुधा खाद्यात पीठ आणि साखर जास्त होत आहे, किंवा ससा अंगाने जड अथवा दुखण्यामुळे वाकू शकत नाही. तिसरा प्रकार आकारच नसलेला, पातळ किंवा शेंबडासारखा. तो खरा जुलाब, आणि पिल्लात तो कधीही थांबून पाहण्याजोगा नसतो.

आजच्या ढिगात पहिले दोनच प्रकार आहेत. म्हणजे न खाल्लेल्या सीकोट्रोप, असा निष्कर्ष काढला. तो आजच्यापुरता बरोबर होता.

७ फेब्रुवारी

गाजर पूर्ण बंद केले, पेलेट निम्म्यावर आणले आणि टिमोथी, म्हणजे सशांना देतात ते वाळवलेले गवत, हवे तेवढे समोर ठेवले. तिने ते हुंगले आणि सोडून दिले. गवताला न सरावलेल्या पिल्लापुढे गवताचा ढीग ठेवला म्हणून ते खाऊ लागत नाही, आणि पेलेट त्याच दिवशी निम्मे केले तर ते सरळ उपाशी राहते. सशाचे आतडे रिकामे राहिले की मंदावते, मंदावले की वायू साचतो, वायू साचला की दुखते आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. त्यामुळे पेलेटचे प्रमाण संध्याकाळी पुन्हा थोडे वाढवले.

गवत खाण्याबाबत जे फसले ते असे. भिंतीवर टांगलेली जाळी तिच्या उंचीला पोहोचत नव्हती. जमिनीवर ठेवलेल्या टोपलीत ती बसून लघवी करू लागली आणि ओले गवत कोणताही ससा खात नाही. पिशवीच्या तळाचे गवत धुळीने भरलेले होते, ते झटकल्यावर निम्मे फेकावे लागले. शेवटी ट्रेच्या एका टोकाला शोषक कागदाच्या गोळ्यांचा थर, दुसऱ्या टोकाला, तोंडासमोर येईल अशा बेताने, पानांचा भाग अधिक असलेले गवत, अशी मांडणी केली. ससा बसल्या जागी विष्ठा करताना खातो ही त्याची सवय येथे उपयोगी पडते. गवतात मूठभर अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, मिसळल्यावर तिने प्रथमच सलग काही काड्या चावल्या. प्रौढ सशाला लसूणघासातील कॅल्शियम आणि प्रथिने जास्त होतात, परंतु वाढत्या पिल्लाला सहा-सात महिन्यांपर्यंत तो चालतो.

८ फेब्रुवारी, पहाटे

पहाटे ट्रेमध्ये तिसरा प्रकार दिसला. पातळ, पिवळसर तपकिरी, मध्ये चिकट शेंबडासारखा धागा. वजन ७६८ ग्रॅम. चिंगी कोपऱ्यात पाठ गोल करून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले, कान हाताला थंड आणि दात खाल्ल्याचा स्पष्ट आवाज. लाडात आलेला ससाही दात हलके घासतो, परंतु तो आवाज मऊ असतो आणि अंग सैल असते; हा आवाज करकरीत होता आणि अंग आवळलेले होते.

कालपर्यंतचा “खाद्यात बदल, मग वाट पाहणे” हा बेत तेथेच सोडला. मोठ्या सशाचे एखाद्या दिवशी बिघडले तर काही तास निरीक्षणाला वाव असतो. दूध सुटल्यानंतरच्या आठवड्यांतील पिल्लाला तो नसतो. आईच्या दुधातील काही मेदाम्ले पिल्लाच्या पोटातील जंतू आटोक्यात ठेवतात. दूध सुटल्यावर ते संरक्षण जाते आणि प्रौढ सशाच्या जठरातील तीव्र आम्ल अजून पुरते तयार झालेले नसते, त्यामुळे या मधल्या काळात आतड्यांत नको ते जीवाणू आणि परजीवी सहज फोफावतात. एवढ्याशा देहातून पाणी जाऊ लागले की पिल्लू एका दिवसात हातचे जाऊ शकते.

ससे पाहणारे पशुवैद्य उघडताच नेण्याचे ठरले. सोबत घेतलेल्या वस्तू : झाकणाच्या डबीत ताजी लेंडी, जुन्या आणि नव्या खाद्याचे नमुने, वजनांचा कागद, ट्रेचा फोटो आणि वाटेत खाण्यासाठी गवत. ससा ओकू शकत नाही, म्हणून त्याला तपासणीसाठी किंवा भूल देण्यासाठीदेखील उपाशी ठेवत नाहीत; कोणी तसे सांगितले तर दोनदा विचारून घ्यावे.

८ फेब्रुवारी, रात्री

तपासणीत ताप नव्हता, उलट अंग गार होते : ३७.८ अंश सेल्सियस. सशाचे नेहमीचे तापमान साधारण ३८.५ ते ४० च्या दरम्यान असते, आणि ३८ च्या खाली जाणे हे ताप येण्याइतकेच, किंबहुना अधिक, काळजीचे असते. डॉक्टरांनी आधी तिला ऊब दिली, कातडीखाली कोमट सलाईन दिले, पोट चाचपून अडथळा किंवा ढोलासारखा ताण नसल्याची खात्री केली आणि दात पाहिले. वेदनाशामक दिले. त्यानंतरच सिरिंजने भरवण्याची परवानगी मिळाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. गार पडलेल्या सशाच्या पोटात अन्न ढकलून उपयोग होत नाही, आणि आतड्यात अडथळा असताना भरवणे किंवा आतडे हलवणारे औषध देणे घातक ठरू शकते.

सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत परजीवी आढळला नाही. आम्हांला हायसे वाटले. डॉक्टरांना मात्र तसे वाटलेले दिसले नाही. कॉक्सिडिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणारी त्याची अंड्यासारखी कवचबंद अवस्था, प्रत्येक लेंडीतून सारखे पडत नाहीत आणि जुलाब सुरू झाल्यावर काही काळाने दिसू शकतात, म्हणून पुढील दोन दिवसांत निरनिराळ्या वेळी पडलेल्या लेंड्या एकत्र करून थंड जागी ठेवून आणण्यास त्यांनी सांगितले. आम्ही डबीत एकच लेंडी नेली होती; तीन-चार वेळच्या लेंड्या नेल्या असत्या तर कदाचित हे दोन दिवस वाचले असते.

औषधांची मात्रा येथे मुद्दाम लिहीत नाही. ती ग्रॅमांतल्या वजनावर ठरते आणि दुसऱ्या पिल्लाला लागू पडत नाही. परंतु एक गोष्ट प्रत्येकाने लिहून ठेवावी : अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके सशाला तोंडावाटे देत नाहीत. ती आतड्यातील उपयुक्त जीवाणू मारतात, त्या जागी क्लॉस्ट्रिडियम हा घातक जीवाणू वाढतो आणि त्याच्या विषाने ससा दगावतो. घरात कुत्र्या-मांजरासाठी किंवा माणसासाठी आणलेली बाटली उरली असेल, तर ती सशाच्या औषधांपासून दूर ठेवलेली बरी. माणसांचे जुलाब बंद करणारे औषध, दूध आणि दही हेही त्याच यादीत.

९ फेब्रुवारी

आजचा सारा दिवस सिरिंजमध्ये गेला.

आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी तंतुमय पूड कोमट पाण्यात कालवून द्यायची होती. डॉक्टरांचा हिशोब वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी सुमारे ५० मिली असा होता. चिंगीच्या वजनाला तो ३७-३८ मिली आला, आणि त्याच्या पाच खेपा केल्यावर एका खेपेला साडेसात मिली. कागदावर हे सोपे दिसते. पहिल्या खेपेत पूड सिरिंजच्या टोकात अडकली, जोर लावल्यावर एकदम सुटली आणि बहुतेक टॉवेलवर गेली. मिश्रण पातळ केले तर पोटात नुसते पाणी जाते आणि तंतू भांड्याच्या तळाशी राहतात. उपाय असा निघाला : पूड कोरडी असतानाच बारीक गाळणीतून चाळावी, उरलेली भरड दोन बोटांत चोळून पुन्हा चाळावी, कालवून दहा मिनिटे फुगू द्यावी आणि १ मिलीच्या सिरिंजचे टोक किंचित कापून कड कानशीने गुळगुळीत करावी. मोठी सिरिंज घेतल्यास खेप लवकर संपते, पण घास मोठा जातो आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते.

पिल्लाला पाठीवर उताणे धरू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून, चारही पाय जमिनीला टेकलेले ठेवून, पुढचे दात संपतात तेथल्या मोकळ्या फटीतून सिरिंज बाजूने आत घालावी, अर्धा मिली द्यावे आणि चावण्याची हालचाल होईपर्यंत थांबावे. चिंगी तिसऱ्या घासानंतर चावू लागली. कोणत्याही खेपेला साडेसात मिली पूर्ण गेले नाही, म्हणून खेपा वाढवल्या. एका खेपेला पाऊण तास जातो हे धरूनच कामाचे तास बदलावे लागतात. या आजारपणात पैशांपेक्षा झोप जास्त खर्च होते.

हनुवटीखाली सांडलेले मिश्रण वाळून केस कडक झाले आणि कातडी लाल दिसू लागली. प्रत्येक खेपेनंतर ओल्या कपड्याने पुसून लगेच कोरडे करणे त्यानंतर सुरू केले.

उबेसाठी कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून ठेवली होती. दुपारी पाहिले तर तिने कपड्याचे धागे कुरतडले होते. आधीच मंदावलेल्या आतड्यात धागे जाणे परवडणारे नव्हते, म्हणून बाटलीवर जाड, घट्ट विणीचा सुती मोजा चढवला आणि जागेची निम्मी बाजू थंड राहील अशी ठेवली, म्हणजे नको तेव्हा तिला दूर जाता येईल.

१० फेब्रुवारी

वजन ७४१ ग्रॅम, आतापर्यंतचे सर्वांत कमी. आली तेव्हाच्या वजनातून जवळजवळ ९ टक्के गेले. तापमान ३८.६. अंगात ऊब आली, पण जुलाब चालू आहेत. जमवलेल्या लेंड्यांच्या तपासणीत आयमेरिया, म्हणजे कॉक्सिडियाच, निघाला, आणि भरपूर. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या : अचानक बदललेल्या पिठूळ खाद्याने सीकममधला समतोल गेला होता आणि त्याच संधीचा फायदा परजीवीने घेतला होता. यांपैकी केवळ खाद्य सुधारत बसलो असतो तर पिल्लू हाती लागले नसते, आणि केवळ औषध देऊन तेच खाद्य चालू ठेवले असते तर पुन्हा येथेच आलो असतो.

कॉक्सिडियावरचे औषध सुरू झाले. त्याचा दुसरा टप्पा काही दिवसांच्या खंडानंतर द्यायचा आहे. प्रौढ सशाच्या लेंड्याही तपासल्या. त्यातही थोडे ऊसिस्ट सापडले, जरी तो ठणठणीत आहे. मोठे ससे असे परजीवी लक्षणांशिवाय बाळगतात. परजीवी चिंगीने आणला की येथे तिला मिळाला हे आता ठरवता येणार नाही, आणि त्यावर वेळ घालवण्यात अर्थही नाही. दोघांनाही औषध चालू आहे.

निरोगी सशाच्या सीकोट्रोप आजारी सशाला देण्याचा एक जुना उपाय आहे, म्हणजे उपयुक्त जीवाणू परत रुजतात. आम्ही तो विचारला; ज्याच्या पोटात तोच परजीवी आहे अशा सशाच्या सीकोट्रोप देण्यास डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला.

११ फेब्रुवारी

स्वच्छतेचा दिवस. सर्वांत जास्त वस्तू येथेच फेकाव्या लागल्या.

ताजे पडलेले ऊसिस्ट लगेच संसर्ग करू शकत नाहीत. ऊब आणि ओल मिळाल्यास साधारण एक ते चार दिवसांत ते पिकतात आणि त्यानंतर सशाच्या तोंडात गेले की फेरा पुन्हा सुरू होतो. त्यामुळे दिवसातून दोनदा लेंड्या काढणे हे औषधाइतकेच परिणामकारक आहे. दुसरे म्हणजे नेहमीचे ब्लीच आणि फिनेल यांना ऊसिस्ट दाद देत नाहीत. त्यांना उकळते पाणी, वाफ किंवा अमोनिया लागतो. अमोनियाचा वास सशाच्या श्वसनाला त्रासदायक असल्याने तो मार्ग सोडला आणि वाफेचे यंत्र घेतले. संपूर्ण आजारपणात औषधांपेक्षा जास्त किमतीची हीच एक वस्तू आली आणि तिच्याबद्दल मुळीच खंत नाही.

लाकडी घरटे आणि गालिचा यांच्या भेगांत, धाग्यांत वाफ पोचत नाही, म्हणून दोन्ही टाकून दिले. त्या जागी पुठ्ठ्याचे खोके आले, जे दर दोन दिवसांनी बदलता येते. प्लॅस्टिकचे दोन ट्रे आलटून पालटून वापरतो : एक वाफवून उन्हात वाळत असतो तेव्हा दुसरा वापरात असतो. तारेच्या जाळीचा तळ बसवावा, म्हणजे लेंड्या खाली पडतील, असा एक सल्ला मिळाला होता. परंतु सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, तारेवर त्यांना जखमा होतात, आणि ओल्या, मळलेल्या पायांना त्या लवकर होतात. जाळी आणली नाही.

कामाचा क्रमही ठरवला. आधी प्रौढ सशाचे, मग चिंगीचे. मध्ये उलटे जायचे नाही. चपला आणि झाडू वेगळे.

मागच्या बाजूचे चिकटलेले केस धुण्याबाबत : सशाला आंघोळ घालू नये. भीतीने आणि गारठ्याने तो कोसळू शकतो आणि त्याची पातळ त्वचा ओढाताणीने फाटते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने केवळ मळलेला भाग भिजवून सोडवला, टॉवेलने टिपला आणि हाताला ऊब वाटेल इतक्याच हवेने सुकवला. सुटेना तो गुंता कात्रीने कापण्याचा मोह टाळला, कारण केसांच्या मुळाशी कातडी तंबूसारखी वर ओढली जाते आणि कात्रीत येते. दवाखान्यात यंत्राने तो काढून घेतला. खिडक्यांना जाळी असणे या काळात अनिवार्य आहे. मळलेल्या केसांत माशीने अंडी घातली तर एका दिवसाच्या आत अळ्या निघून कातडी पोखरतात.

१३ फेब्रुवारी

ट्रेमध्ये पहिल्या गोल लेंड्या आढळल्या. आकार वाटाण्याच्या निम्मा, काही केसाने एकमेकींना जोडलेल्या, काही वेड्यावाकड्या. तरीही त्या गोल होत्या. वजन ७४८ ग्रॅम. पोटाला कान लावल्यावर बारीक गुडगुड ऐकू येते. अगदी शांतता किंवा सतत मोठा खळखळाट, दोन्ही वाईट.

पाण्याबाबतची एक दुरुस्ती. निपलच्या बाटलीतून दिवसभरात जेमतेम ३० मिली कमी होत होते. सशाला दर किलोला ५० ते १५० मिली पाणी लागते, जुलाबात आणखी. हलके भांडे तिने उलथवले. जड चिनी मातीचे, रुंद भांडे ठेवल्यावर आकडा एका दिवसात दुपटीच्या वर गेला. बाटली आता काढून टाकली आहे.

१७ फेब्रुवारी

वजन ७७० ग्रॅम. सिरिंजच्या खेपा कमी करण्यासाठी निकष ठरवला : आदल्या दिवसापेक्षा वजन वाढले आणि तिने गवताची ठरलेली मूठ स्वतः संपवली, तर एक खेप वगळायची, वजन स्थिर असेल तर खेप कायम, घटले तर परत वाढवायची. भूक दिसते म्हणून अंदाजाने एकदम बंद केले असते तर घट दोन दिवसांनी कळली असती.

आज कोथिंबिरीची चार पाने दिली आणि त्याच दिवशी गवताची नवी पिशवीही फोडली.

१८ फेब्रुवारी

लेंड्या पुन्हा मऊ, वजन ७५८. कारण कोथिंबीर की नवे गवत हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी बदलले. दोन्ही मागे घेतले, खेपा वाढवल्या. या एका गोंधळाने जवळजवळ आठवडा मागे गेलो. तेव्हापासूनचा नियम असा : एका वेळी एकच नवी गोष्ट, तीही चिमूटभर, आणि पुढचा बदल तीन दिवस लेंड्या चांगल्या राहिल्यानंतरच. गवताची नवी पिशवी जुनी संपण्याच्या आधीच आणून जुन्यात मिसळत जायची, हेही त्यातच आले, कारण कापणी बदलली की गवतातला कस बदलतो हे लक्षात येईपर्यंत आम्ही गवताला “नवी गोष्ट” मानतच नव्हतो.

२४ फेब्रुवारी

वजन ८१५ ग्रॅम. म्हणजे ज्या वजनाने ती आली होती तेथे आज परत पोहोचलो. याच काळात निरोगी पिल्लू याहून बरेच वाढले असते, हे समजून घेतले पाहिजे. लेंड्या गोल, एकसारख्या, आतून पिवळसर भुशाच्या. सिरिंज बंद. औषधाचा दुसरा टप्पा पूर्ण झाला.

जीवाणूयुक्त पूड द्यावी का हे विचारले होते. उत्तर असे मिळाले की तिने अपाय सहसा होत नाही, पण उपयोगाबद्दल खात्रीही देता येत नाही; पैसे गवतावर घालावेत. आम्ही दिली नाही.

२ मार्च

वजन ८७० ग्रॅम. पेलेट परत आणण्याचे काम सुरू आहे. यावेळी दाणे मिसळलेले खाद्य नाही, कारण त्यातून ससा गोड आणि पिठूळ तुकडे निवडून खातो आणि तंतूचा भाग तसाच टाकतो. सगळे तुकडे एकसारखे असणारे, तंतू अधिक असलेले पेलेट घेतले. दर तीन-चार दिवसांनी पाव हिश्श्याने वाढ केली. गवत टिमोथी आणि लसूणघास यांचे मिश्रण, पेलेट येण्याच्या आधी समोर हजर. पेलेट आधी दिले तर ती गवताकडे फिरकत नाही.

तपासणीत दोघांच्याही लेंड्या निर्मळ निघाल्या. पुन्हा एक नमुना काही आठवड्यांनी द्यायचा आहे, कारण ऊसिस्ट पडण्यात खंड असतात हे पहिल्याच अनुभवातून कळले आहे. वाफ आणि दुहेरी ट्रे तोपर्यंत चालू राहतील.

कोथिंबीर एकटीच, एका पानापासून, पुन्हा दिली. काही झाले नाही. म्हणजे दोष बहुधा गवताच्या नव्या पिशवीचा होता; ती पिशवी आता प्रौढ सशाकडे गेली आहे आणि तो ती तक्रार न करता संपवतो आहे.

१४ मार्च

वजन ९८५ ग्रॅम. पेलेट दिवसाला २५ ग्रॅमवर आल्यापासून सकाळी ट्रेमध्ये न खाल्लेल्या सीकोट्रोपचे एक-दोन घड दिसू लागले. आकार, चकाकी, वास सगळे योग्य, जुलाब नाही. पिल्लू उड्या मारते आहे, दात शांत, कान उबदार. म्हणून दवाखाना नाही, औषध नाही : पेलेट २० ग्रॅमवर आणले, दोन भागांत विभागले आणि रात्रीच्या गवताची मूठ वाढवली. तिसऱ्या सकाळी ट्रेमध्ये केवळ कोरड्या लेंड्या होत्या. गाजर अजून दिलेले नाही.